झारचे ताट, रशियाचे नाव

लंडनमधील ‘पारंपरिक रशियन’ उपाहारगृहांची एक ठरीव वेशभूषा आहे. भिंतींवर गडद तांबडी मखमल, कोपऱ्यात पितळी समोवार, छताला झुंबर, भरतकामाचा सदरा घातलेले वाढपी, कुठूनतरी येणारा बालालायकाचा झंकार आणि मेन्यूच्या पहिल्याच पानावर कॅव्हिअर. दर वाचून बेताच्या मिळकतीचा इंग्रज गिऱ्हाईकही मुकाट्याने पान उलटतो. या सर्व थाटाची जाहिरात करताना एक शब्द हटकून वापरला जातो, तो म्हणजे ‘पारंपरिक’. या शब्दाची झडती घेणे आवश्यक आहे. कारण परंपरा म्हटली की ती कोणाची, हा प्रश्न समाजवाद्याने विचारावयाचाच असतो आणि जेवणाच्या टेबलाशी बसल्यावर तो विसरावयाचा असतो असा काही संकेत नाही.

चार-दोन महागड्या उपाहारगृहांपुरताच हा प्रश्न असता तर त्यासाठी पक्षाच्या साप्ताहिकाची जागा खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु ‘रशियन’ हा शब्द महाराष्ट्रातील डाव्या कार्यकर्त्याच्या कानाला अजूनही वेगळा लागतो. लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून अल्प किमतीला घेतलेली सोव्हिएत पुस्तके ज्यांच्या घरी अद्याप कपाटात आहेत, अण्णाभाऊ साठे १९६१ साली ज्या ओढीने मॉस्कोला गेले आणि परतून ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिते झाले ती ओढ ज्यांना ठाऊक आहे, अशा पिढीच्या मनात रशिया म्हणजे श्रमिकांचा देश, हे समीकरण घट्ट बसले आहे. ही पिढी आज मुलानातवंडांना भेटण्यासाठी लंडनला जाते. तेथे मुलगा कौतुकाने एखाद्या रशियन उपाहारगृहात घेऊन जातो. भिंतीवरचा तांबडा रंग पाहून जुन्या मिरवणुका आठवतात, बोर्श्चचा पहिला घोट घेताना कंठ दाटून येतो. हा गहिवर खरा असतो, यात शंका नाही. मात्र तो चुकीच्या दारात वाहिलेला असतो. ती मखमल लाल बावट्याची नसून, तो बावटा ज्यांच्या विरोधात उभारला गेला त्यांच्या दिवाणखान्याची आहे.

मेन्यूतील नावेच पाहावीत. ‘बीफ स्ट्रोगानॉफ’शिवाय रशियन उपाहारगृहाची कल्पना करता येत नाही. स्ट्रोगानोव्ह हे मिठाच्या आणि केसाळ कातड्यांच्या व्यापारावर गब्बर झालेले उरल प्रदेशातील घराणे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस येर्माकच्या कोसॅकांनी सायबेरियावर जी चाल केली, तिला पैसा याच घराण्याने पुरविला होता. पुढे ते सरदारपदाला चढले आणि हजारो भूदासांचे धनी झाले. सेंट पीटर्सबर्गमधील विख्यात कझान कॅथीड्रलचा वास्तुशिल्पी अंद्रेई व्होरोनिखिन हा जन्माने याच घराण्याचा भूदास. त्याची मुक्तता धन्याच्या मर्जीने झाली. कॅथीड्रल बांधणाऱ्या भूदासाचे नाव वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांपुरते उरले आणि धन्याचे नाव मांसाच्या रश्शाला लागून जगभर गेले. कोणती नावे ताटात उरतात आणि कोणती पुसली जातात, हे यावरून समजावे.

ही पाककृती ज्या ग्रंथामुळे घरोघरी पोहोचली, त्या येलेना मोलोखोवेत्स यांच्या ‘तरुण गृहिणींना भेट’ या पुस्तकाची पहिली आवृत्ती १८६१ सालची. झार अलेक्झांडर दुसरा याने भूदासप्रथा कायद्याने रद्द केली तेही हेच साल. त्याच्या १८७१ च्या आवृत्तीत स्ट्रोगानोव्ह पद्धतीचे मांस आढळते. या ग्रंथात घरच्या मंडळींच्या जेवणाबरोबर नोकरांसाठी वेगळ्या, स्वस्त जेवणाचीही तजवीज सांगितलेली आहे. एकाच चुलीवर दोन वर्गांचे दोन स्वयंपाक! लंडनच्या ‘पारंपरिक’ मेन्यूत यांपैकी पहिला तेवढा अवतरला. दुसरा कोणाला हवा आहे?

पदार्थ एकामागून एक क्रमाने वाढण्याची जी रीत युरोपात आज सर्वत्र रूढ आहे, तिलाही ‘रशियन वाढणी’ असेच नाव आहे. पूर्वीच्या फ्रेंच रीतीत सारे पदार्थ एकदम मांडले जात. पॅरिसमधील रशियन राजदूत प्रिन्स कुराकिन याने १८१० च्या सुमारास ही नवी रीत तेथे नेली असे मानतात. तिचे कौतुक करताना पाकशास्त्राचे इतिहासकार अन्न गरम राहते एवढेच सांगतात. या रीतीला पाहुण्यांच्या पाठीशी उभे राहणारे वाढपी मोठ्या संख्येने लागतात, आणि असे फुकटचे हात त्या काळी रशियन उमरावाइतके दुसऱ्या कोणापाशी नव्हते, ही गोष्ट त्याच ओघात सांगावयास हवी. आज सोहो भागातील २००८ साली उघडलेल्या ‘बॉब बॉब रिकार्ड’ या उपाहारगृहात, जेथे रशियन पदार्थांना मानाचे स्थान मिळाले, प्रत्येक टेबलाशी शॅम्पेन मागविण्याचे बटण बसविलेले आहे. नोकराला बोलावण्याच्या घंटीला वीज जोडली, एवढीच दोनशे वर्षांतील प्रगती.

कॅव्हिअरची कथा याहून गमतीची. कॅस्पियन समुद्रातील स्टर्जन माशाची हावरट मासेमारीने इतकी दैना झाली की १९९८ पासून सर्व स्टर्जन जाती आंतरराष्ट्रीय व्यापारनियंत्रणाखाली आणाव्या लागल्या. आता बाजारात येणारे कॅव्हिअर बहुतांशी मत्स्यशेतीतील असते आणि तिचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक देश चीन आहे. तेव्हा झारच्या मुदपाकखान्याचा अनुभव म्हणून जो घास पौंड मोजून गिळला जातो, तो चिनी तलावातील असण्याचा संभव पुष्कळ. परंपरा अशी असते.

हा सारा देखावा उभा राहिला तो क्रांतीनंतर देशोधडीला लागलेल्यांच्या हातून. १९१७ नंतरच्या यादवीत दहा लाखांहून अधिक माणसे रशियाबाहेर पडली. त्यांत साधी माणसे होती, लेखक होते, निष्पाप माणसेही होती. त्यांच्या दुःखाची टिंगल करण्याचे कारण नाही. पॅरिसमध्ये सरदारपुत्र टॅक्सी हाकू लागले, सेनाधिकारी उपाहारगृहांच्या दारात कोसॅक झगे घालून उभे राहिले. पोटासाठी त्यांनी आपल्या गतवैभवाचे नाटक गिऱ्हाइकांपुढे वठविले. पाश्चात्त्य धनिकांना तेच रशियन आयुष्य म्हणून रुचले, कारण त्यात शेतकरी नव्हता, कारखाना नव्हता आणि मुख्य म्हणजे क्रांती नव्हती. लंडनच्या नाइट्सब्रिजमधील बीचम प्लेसवर १९६० च्या दशकात ‘बोर्श्च एन टिअर्स’ नावाचे भोजनालय निघाले, तेव्हा बोर्श्चच्या जोडीला अश्रूही विक्रीस ठेवले गेले, ते याच नाटकाच्या पुढच्या अंकात.

भारतीय वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १९२६ साली एडवर्ड पामर याने ‘वीरास्वामी’ काढले, तेव्हा तेथे येणारा गिऱ्हाईक बहुधा हिंदुस्थानात नोकरी करून परतलेला गोरा साहेब होता. त्याला ‘हिंदुस्थानी जेवण’ हवे होते म्हणजे फेटा बांधलेला खानसामा हवा होता. पुढे ब्रिटनमधील तथाकथित भारतीय खानावळी उभारल्या त्या बव्हंशी सिल्हेटहून आलेल्या, पुष्कळदा जहाजांवर राबलेल्या खलाशांनी. पण त्यांनाही आपल्या दुकानांना ‘ताजमहाल’ आणि ‘महाराजा’ अशीच नावे द्यावी लागली. साम्राज्याच्या राजधानीत दुसऱ्या देशाचे अन्न मान्य होते ते त्याच्या राजेरजवाड्यांच्या शिफारसपत्रासहच.

मग रशियन अन्नाचा खरा इतिहास कोठे आहे? तो शोधावयाचा तर १९०५ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रातील ‘पोटेम्किन’ युद्धनौकेवर जावे लागेल. खलाशांच्या जेवणासाठी आणलेल्या मांसात अळ्या वळवळत होत्या. जहाजाच्या डॉक्टराने पाहणी करून निर्वाळा दिला की मांस धुऊन घेतले म्हणजे खाण्यास योग्य आहे. त्या मांसाचा बोर्श्च पुढे आला तेव्हा खलाशांनी तो नाकारला. अधिकाऱ्याने व्हाकुलेंचुक नावाच्या खलाशाला गोळी घातली आणि सारे जहाज पेटून उठले. ज्या बोर्श्चवर लंडनचा वाढपी आज मलईचा गोळा अलगद सोडतो, त्याच पदार्थाच्या एका वाडग्यावरून झारशाहीचे आरमार हादरले होते.

किंवा १९१७ सालचा पेट्रोग्राडचा हिवाळा पाहावा. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २३ फेब्रुवारीला, म्हणजे ८ मार्चला, महिला दिनी, विबोर्ग भागातील कापडगिरण्यांच्या कामगार स्त्रिया संपावर गेल्या. पावासाठी तासन्‌तास रांगेत तिष्ठून त्यांचे पाय थिजले होते. त्यांनी शेजारच्या कारखान्यांच्या खिडक्यांखाली जाऊन पुरुष कामगारांना हाका मारल्या आणि आठवड्याभरात तीनशे वर्षांची रोमानोव्ह सत्ता कोसळली. काळी राय पाव, कोबीचे सूप म्हणजे श्ची, आणि बकव्हीटची काशा हेच कोट्यवधी रशियनांचे अन्न होते. श्ची आणि काशा हेच आमचे खाणे, अशी त्यांच्या भाषेत म्हणच आहे. लंडनच्या मेन्यूत या पदार्थांना जागा मिळालीच तर मांसाच्या कडेला तोंडी लावण्यापुरती.

खुद्द लंडनमध्येही रशियन माणसांच्या जेवणाचा एक इतिहास घडलेला आहे. कोणत्याही मखमली उपाहारगृहाच्या जाहिरातीत तो सापडणार नाही. १९०२ च्या वसंतात लेनिन आणि क्रुप्स्काया लंडनला आले आणि होलफर्ड स्क्वेअरमध्ये दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिले. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयाचा परवाना याकोब रिख्टर या नावाने काढलेला. क्लर्कनवेल ग्रीन ३७ अ येथे ‘इस्क्रा’चे संपादन चाले, ती इमारत आज मार्क्स स्मारक ग्रंथालय आहे. क्रुप्स्कायांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे की इंग्रजी खाणावळीतील बैलाच्या शेपटीचे सूप, चरबीत तळलेले मासे आणि न पचणारे केक हे रशियन पोटाला मानवणारे नव्हते. शिवाय संघटनेच्या पैशावर राहावयाचे असल्याने पै-पै वाचवावी लागे. म्हणून त्यांनी घरीच स्वयंपाक सुरू केला. लंडनमधील एका अत्यंत महत्त्वाच्या रशियन स्वयंपाकघराचे असे हे स्वरूप होते.

पाच वर्षांनी, १९०७ च्या मे महिन्यात, रशियन सामाजिक लोकशाही मजूर पक्षाची पाचवी काँग्रेस याच शहरातील साउथगेट रोडवरील ब्रदरहूड चर्चमध्ये भरली. तीनशेहून अधिक प्रतिनिधी, खिशात दमडी नाही. परतीच्या प्रवासापुरते पैसे उरले नाहीत, तेव्हा साबणाचे कारखानदार जोसेफ फेल्स यांच्याकडून सतराशे पौंड उसने घ्यावे लागले. क्रांतीनंतर ते फेडण्यात आले. मॅक्सिम गॉर्की या काँग्रेसला हजर होते. लेनिन एका लहान, स्वस्त खाणावळीत जेवत, दोन-तीन तळलेली अंडी, डुकराच्या मांसाचा लहानसा तुकडा आणि दाट काळ्या बीअरचा एक पेला एवढाच त्यांचा आहार असे, आणि कामगार प्रतिनिधींना पुरेसे खायला मिळते की नाही याची ते बारकाईने चौकशी करीत, असे गॉर्कींनी लिहून ठेवले आहे. पुढे क्रांतीच्या धामधुमीत, १९१९ साली, ‘महान आरंभ’ या पुस्तिकेत लेनिन यांनी सार्वजनिक भोजनगृहे, पाळणाघरे आणि बालकमंदिरे यांना साम्यवादाचे कोवळे अंकुर म्हटले, ते स्त्रीला चुलीच्या गुलामीतून सोडविण्यासाठी. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवून कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना संघटित करीत प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या अंकुराची जात तेथील कार्यकर्त्यांना वेगळी समजावून सांगावी लागली नसेल.

आता या कहाणीतील सर्वांत मोठा विनोद. ब्रिटनच्या शहरांत सार्वजनिक भोजनगृहांचा प्रयोग खरोखरच झाला, आणि तो रशियातल्यापेक्षा कमी महत्त्वाचा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी घरे उद्ध्वस्त झाली, रेशन आले, तेव्हा सरकारी मदतीने नगरपालिकांनी शाळांत, चर्चच्या सभागृहांत, मिळेल त्या जागी मोठी स्वयंपाकघरे उघडली. फारतर नऊ पेनीत पोटभर गरम जेवण, रेशनचे कूपन न देता. कारकून, कामगार, शिक्षिका, सैनिकाची बायको, सारे एका रांगेत. प्रारंभी त्यांना ‘सामुदायिक भोजन केंद्रे’ म्हणत. हे नाव चर्चिलना खपेना. त्याला साम्यवादाचा आणि दरिद्री-आश्रमाचा वास येतो, अशी तक्रार त्यांनी १९४१ साली अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्याकडे केली आणि ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ हे नाव सुचविले. १९४३ च्या सप्टेंबरात अशी २१६० भोजनगृहे दररोज सहा लाख तीस हजार जेवणे वाढीत होती. युद्धानंतर ॲटलींच्या मजूर सरकारने १९४७ साली कायदा करून ती चालविण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला, पण पुढच्या काळात त्यांतील बहुतेक बंद पडत गेली. तेव्हा लंडनमध्ये बोल्शेविक अंकुराच्या सर्वांत जवळ गेलेल्या पंगतीचे नाव होते ‘ब्रिटिश’, आणि झारच्या ताटाला नाव मिळाले ‘रशियन’! आज त्याच देशात ट्रसेल या धर्मादाय संस्थेच्या अन्नपेढ्यांनी २०२३-२४ या एका वर्षात एकतीस लाखांहून अधिक आपत्कालीन शिधापिशव्या वाटल्या. नगरपालिकेचे जेवण साम्यवादी ठरले म्हणून गेले, आणि त्याच्या जागी भीक आली. ती मात्र चर्चिलच्या वारसांना खपते.

येथे सोव्हिएत राजवटीचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडावयास हवा. समाजवाद्यांनी तो मांडण्यास कधी संकोच केला नाही. अन्नमंत्री मिकोयान यांच्या आश्रयाने १९३९ साली ‘स्वादिष्ट आणि सकस आहाराचे पुस्तक’ निघाले. त्यातील भरगच्च टेबलांची चित्रे पाहताना कोणालाही कळू नये की त्याआधी सहाच वर्षे युक्रेनमध्ये लक्षावधी शेतकरी उपाशी मेले होते आणि त्या काळातही धान्य परदेशी निर्यात होत होते. कारखान्यांतील भोजनगृहांनी कोट्यवधींना रोजचे गरम जेवण दिले हे खरे. पक्षातील वरिष्ठांसाठी वेगळी दुकाने आणि वेगळी भोजनगृहे होती हेही तितकेच खरे. मोलोखोवेत्सबाईंचे दोन स्वयंपाक निराळ्या रूपाने परत आले होते. मॉस्कोच्या ‘हर्मिटेज’मधील ल्युसियन ऑलिव्हिए याने १८६० च्या दशकात श्रीमंतांसाठी शिकारीचे पक्षी घालून केलेले सॅलड सोव्हिएत काळात बटाटे, वाटाणे आणि उकडलेल्या सॉसेजवर आले व घरोघरीच्या नववर्षाच्या जेवणात जाऊन बसले. मुंबईच्या हॉटेलांत ज्याला ‘रशियन सॅलड’ म्हणतात ते हेच. या एका पदार्थापुरते तरी लोकशाहीकरण झाले, असे म्हणता येईल. असो.

१९९१ नंतर जे घडले त्याने लंडनच्या या उपाहारगृहांना नवे गिऱ्हाईक दिले. १९९५ सालच्या ‘कर्जाच्या बदल्यात भागभांडवल’ योजनेत रशियाच्या तेलकंपन्या आणि खाणी कवडीमोलाने मूठभरांच्या हाती गेल्या. ‘सिबनेफ्त’ या तेलकंपनीवरील ताबा सुमारे दहा कोटी डॉलरना मिळाला. दहा वर्षांनी, २००५ साली, तिचा जवळजवळ तीनचतुर्थांश हिस्सा सरकारी ‘गाझप्रॉम’ला सुमारे तेराशे कोटी डॉलरना विकण्यात आला. मधल्या काळात रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान १९९४ साली अठ्ठावन्न वर्षांच्याही खाली घसरले. जे आयुष्य तेथे कमी झाले, त्याचा पैसा लंडनला आला. ब्रिटिश सरकारने त्याला लाल गालिचा अंथरला. १० लाख पौंड, आणि २०१४ पासून २० लाख पौंड गुंतवा आणि राहण्याचा परवाना घ्या, अशी योजना २००८ पासून चालली होती. ती बंद झाली १७ फेब्रुवारी २०२२ रोजी, युक्रेनवर रणगाडे जाण्याच्या अवघा एक आठवडा आधी. लंडन हे काळा पैसा धुण्याचे धोबीघाट झाले आहे, असे ब्रिटिश संसदेच्या गुप्तवार्ता समितीने जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात म्हटले होते. हे कळावयास अहवालाची गरज नव्हती. मेफेअरमधील टेबले पाहिली असती तरी पुरे होते.

या नव्या धनिकांची रुची मोठी बोधक आहे. मॉस्कोचे उपाहारगृहसम्राट अर्कादी नोव्हिकोव्ह यांनी २०११ साली मेफेअरमधील बर्कले स्ट्रीटवर आपले प्रशस्त उपाहारगृह उघडले, ते आशियाई आणि इटालियन पदार्थांचे. रशियन धनिकांना रशियन जेवण नको होते. याउलट २०१२ साली नाइट्सब्रिजमध्ये आलेल्या ‘मारी व्हान्ना’ची सजावट सोव्हिएत काळातील आजीच्या घरासारखी होती. जुनी कपाटे, लेसचे पडदे, घरगुती लोणच्यांच्या बरण्या. ज्या आजीचे निवृत्तिवेतन १९९२ च्या महागाईने खाऊन टाकले, तिच्या खोलीची प्रतिकृती तिला लुटणाऱ्या वर्गाच्या मनोरंजनासाठी लंडनच्या सर्वांत महागड्या वस्तीत मांडली गेली. झारचा दिवाणखाना विकून झाला, मग आजीचे स्वयंपाकघर विकावयास काढले.

मेन्यूकडे पुन्हा एकवार वळले पाहिजे, कारण त्यात आणखी एक गोष्ट लपली आहे. ‘पारंपरिक रशियन’ म्हणून जे वाढले जाते त्यात बोर्श्च युक्रेनचा, खाचापुरी जॉर्जियाची, शाशलिक कॉकेशसचे, प्लोव्ह उझबेकिस्तानचा. जिंकलेल्या प्रदेशांची यादी आणि पदार्थांची यादी एकमेकांवर ठेवली तर फारसा फरक पडणार नाही. १ जुलै २०२२ रोजी युनेस्कोने युक्रेनियन बोर्श्च बनविण्याच्या संस्कृतीला तातडीने जपावयाच्या वारशाच्या यादीत घातले, तेव्हा एका सूपावरून एवढा गहजब कशाला, असे अनेकांनी नाक मुरडले. ज्याचे शेत, शहर आणि भाषा तोफांखाली आहे, तो सूपावरचा हक्कही सोडत नाही, यात नवल काय?

आणि या ठिकाणी डाव्या चळवळीतील काही मंडळींचा गोंधळ स्पष्टपणे सांगावयास हवा. अमेरिकेचा साम्राज्यवाद खरा आहे, नाटोचा विस्तार खरा आहे. पण त्यावरून मॉस्कोचा साम्राज्यवाद खोटा ठरत नाही. २१ फेब्रुवारी २०२२ च्या भाषणात पुतिन यांनी युक्रेन ही लेनिनची निर्मिती आहे, असे सांगून तो लेनिनचा अपराध ठरविला आणि खरे निःसाम्यवादीकरण काय असते ते दाखवून देण्याची धमकी दिली. डिसेंबर १९२२ मध्ये आजारी लेनिन ज्या महारशियन वर्चस्ववादाविरुद्ध टिपणे लिहवून घेत होते, तोच आज क्रेमलिनमध्ये बसला आहे. हंगेरीत १९५६ साली सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा जयप्रकाशांनी नेहरूंच्या मौनावर उघड टीका केली होती. ती परंपरा सांगणाऱ्यांनी युक्रेनच्या बाबतीत ‘पण’ आणि ‘परंतु’ यांच्या आड लपावे, हे अशोभनीय आहे. तांबडा रंग दिसला की मान लववावयाची, ही सवय मखमलीच्या भिंतीपासून क्रेमलिनच्या भिंतीपर्यंत एकच आहे.

याचा अर्थ रशियन आचाऱ्यावर दगड उचलावा असा मुळीच नाही. २०२२ च्या त्या वसंतात लंडनमधील रशियन उपाहारगृहांकडे अनेक गिऱ्हाइकांनी पाठ फिरविली. पुतिन यांचा राग बोर्श्च रांधणाऱ्यावर निघाला. सोहोतील ‘झिमा’चे अलेक्सी झिमिन हे मॉस्कोच्या दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय पाककार. २०१४ साली क्रायमिया गिळंकृत केल्याला त्यांनी विरोध केला, लंडनला आले. २०२२ साली युद्धाचा निषेध केला म्हणून त्यांचा कार्यक्रम बंद करण्यात आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये बेलग्रेडमध्ये त्यांचे निधन झाले. देश आणि राज्यकर्ते यांत फरक न करणारी देशभक्ती मॉस्कोत जेवढी ओंगळ, तेवढीच लंडनमध्येही.

राहता राहिला तो मखमलीच्या पडद्यामागचा भटारखाना. तेथे भांडी घासणारा, कोबी चिरणारा, भरतकामाचा सदरा अंगावर चढवून ‘रशियन’ होणारा बहुधा दुसऱ्याच कोठल्या देशातून आलेला स्थलांतरित कामगार असतो. लंडनच्या उपाहारगृहांत बिलावर साडेबारा टक्के सेवाशुल्क लावण्याची सर्रास पद्धत आहे. गिऱ्हाईक ते वाढप्याला मिळते असे समजून देतो. प्रत्यक्षात ते सर्वच्या सर्व कामगारांना देण्याचे बंधन मालकांवर वर्षानुवर्षे नव्हते. ‘युनाईट’ या कामगार संघटनेने त्यासाठी दीर्घकाळ झगडा दिला. सरकारने २०१६ पासून चौकश्या केल्या, आश्वासने दिली, पुन्हा लांबविले. अखेर २०२३ साली कायदा झाला आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये तो अमलात आला. आता मालकाला बक्षिशीतील एक पेनीही कापता येत नाही, तीन वर्षांची नोंद ठेवावी लागते, आणि कामगाराने मागितल्यास त्याची माहिती द्यावी लागते. मागणी मात्र कामगाराने लेखी करावयाची आहे, मालकाकडे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मालकाच्या भटारखान्यात कामावर हजर व्हावयाचे आहे. लंडनला जाणाऱ्या सहानुभूतीदारांनी क्लर्कनवेल ग्रीनची ती इमारत पाहावीच. पण रशियन उपाहारगृहात बसलेच तर बिल देताना वाढप्याला हळूच विचारावे की सेवाशुल्काची ती नोंद त्याने कधी मागितली आहे काय, आणि तो कोणत्या संघटनेचा सभासद आहे.